मेन स्विच

आमच्या कॉलेजातले विभागप्रमुख सुटीवर जाताना प्रयोगशाळेचा मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडायचे. त्या हाताची मला आजही चीड येते.

काठी गावाच्या खालच्या डोहात कुजणाऱ्या पानांवर मला एक यीस्ट सापडलं होतं. त्याचा डीएनए नोंदलेल्या कुठल्याच प्रजातीशी जुळत नव्हता. पण नवी प्रजात म्हणून नाव द्यायचं तर जिवंत नमुना संग्रहात जमा करावा लागतो. माझ्या नळ्या फ्रिजमध्ये होत्या आणि फ्रिजवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी मीच चिकटवली होती.

होळीच्या सुटीनंतर येऊन पाहतो तर सगळ्या नळ्यांत काळी बुरशी माजलेली.

"फ्रिजले मी हात बी लावा नही," साहेब म्हणाले. खरंच होतं, त्यांनी फक्त मेन स्विच पाडला होता. वर म्हणाले, "यीस्ट काय, कोठे बी भेटस. परत लई ये."

मी परत आणायला गेलो. डोह आटून तळाला भेगा पडल्या होत्या. पुढचे दोन पावसाळे पानं गोळा केली, पण ते यीस्ट पुन्हा मिळालं नाही.

विभागाच्या अहवालात मात्र साहेबांच्या नावापुढे 'नव्या प्रजातीचा शोध' असं छापून आलं. त्या एका ओळीखेरीज ती प्रजात कुठेही जिवंत नाही.