मोटरच्या पेटीतली चिप

आदरणीय गावंडे सरांची पहिली भेट शिरपूर जैनला, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात झाली. मी किन्हीराजाहून एसटीने गेले होते. नाव-गाव विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या तळहातावर दोन आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, ठेवले.

"हा टायमर. वेळ मोजते, बाकी काई येत नाई त्याले. अन् हा मायक्रोकंट्रोलर. याले शिकवशीन ते करते. तुले कोनासारखं व्हाचं हाय?"

मी शिकायला लागले. आवाज वाढवणारे, हो-नाही ठरवणारे, आठवण साठवणारे अशा प्रत्येक जातीच्या आयसींची सरांकडे वेगळी डबी असे. आयसीच्या एका टोकाला खाच असते. ती डावीकडे धरली की खालच्या ओळीतला डावा पाय पहिला. हे सरांनी शंभरदा सांगितलं असेल.

तरीही प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मायक्रोकंट्रोलर उलटा बसवला. वीज सोडताच तो तव्यासारखा तापला आणि गेला. वर्गात तसा दुसरा नव्हता. नापास झाले तर शिक्षण बंद, असं घरी ठरलेलं. मी ढसाढसा रडले.

"चिप जळली पोरी, तुही अक्कल नाई जळली. काहून रडून राह्यली?" असं म्हणून सर सायकलवर निघून गेले. तासाभरात परतले ते धुळीनं माखलेली तशीच चिप घेऊन. तिच्यातला जुना प्रोग्राम पुसून त्यांनी मला माझा भरायला लावला. मी पास झाले.

ती चिप कुठली, हे काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, कितीतरी महिन्यांनी सांगितलं. "पाण्याच्या मोटरच्या पेटीतली काढली व्हती वं, तेच मोटर आपोआप चालू करे. तवापासून लाईन आली का तुहे सर मळ्यात पयतात." मी सरांना जाब विचारला, तर म्हणाले, "मले बटन दाबता येते. परीक्षा तुलेच द्याची व्हती."

आज मी वाशीमला हाच विषय शिकवते. अहो, 'गावंडे सरांची विद्यार्थिनी' म्हणताना माझी मान आपोआप ताठ होते!

सर, पंचाहत्तरी झाली, आता ठणठणीत राहून शंभरी गाठा. गेल्या रविवारी तुमच्या मोटरच्या पेटीत मी नवी चिप बसवली आहे. खाच तीनदा तपासली. आता लाईन आली तरी उठायचं नाही, हातातला चहा संपवायचा.