रिकामे कठडे

"गेट उघडलं की सगळे पहिल्याच पाळण्याकडे पळतात. आपण थेट मागच्या टोकाला जायचं आणि उलटं फिरत यायचं," थीम पार्कच्या दारातच भाऊजींनी बजावलं. रांग टाळण्यात माझ्या बहिणीच्या या नवऱ्याचा हात कोणी धरणार नाही.

मागच्या टोकाला रोलर कोस्टर होता. रांगेसाठी लावलेल्या नागमोडी कठड्यांमध्ये चिटपाखरू नव्हतं, तरी आम्ही सवयीने एकेक वळण घेत चाललो. कठड्यांवरचं दव अजून कोणाच्या हाताने पुसलेलं नव्हतं.

"बघा, एक माणूस नाही!" भाऊजी खूश होते.

छातीवरचा दांडा खटकन बसला, गाडी चढू लागली आणि मला रांगेची आठवण झाली. रांगेत आपण चिडतो, पण तेवढ्यात आधी गेलेली माणसं विस्कटल्या केसांनी हसत परतताना दिसतात. लग्न असो की ऑपरेशन, कोणीतरी आधी जाऊन आलेलं असतं, म्हणून तर आपला पाय पुढे पडतो.

टोकावर गाडी क्षणभर थांबली. भाऊजी खाली रिकाम्या कठड्यांकडे बघत होते. सकाळपासून या रुळांवरून अजून कोणीच परत आलेलं नव्हतं.