डुक्कर आणि आठशे

रत्नागिरीत मी एका डॉक्टरांची गाडी चालवायचो. त्यांची पहिली गाडी गोल पाठीची, जुन्या जमान्यातली. तिला सगळं गाव डुक्कर म्हणायचं. पुढची दारं उलटी उघडायची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि सकाळी हँडल मारल्याशिवाय सुरू होईल तर शपथ. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेवर चढ लागला की थांबून तिला पाणी पाजावं लागे. डॉक्टरांना यातलं काही जमत नसे, म्हणून मी होतो.

मग आठशे नावाच्या नव्या गाडीसाठी त्यांचा बुकिंगचा नंबर लागला. पांढरी, हलकी, काड्यापेटीएवढी गाडी. किल्ली फिरवली की सुरू, आणि चढावर तिला तहानही लागत नव्हती. मला ती आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. खोट काढायला जागा नव्हती, पण जी गाडी कोणालाही चालवता येते तिला ड्रायव्हर कशाला लागतो?

पहिल्याच आठवड्यात माझा डावा हात सवयीने स्टिअरिंगपाशी गेला. तिथे आता गिअर नव्हता, वायपरची काडी होती. भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "पाऊस कुठे दिसला हो तुम्हाला?" मी हसलो नाही. इतक्या वर्षांचा हात, तो काय आठ दिवसांत विसरणार?

डॉक्टरांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, डुकराच्या स्टिअरिंगला कधी बोट लावलं नव्हतं. आठशे आल्यावर महिन्याभरात त्या म्हणाल्या, "भाऊ, मला शिकवा की." नाही कसं म्हणणार? शिकवलं, पण एक गोष्ट हातची राखली. चढावर थांबलेली गाडी क्लच आणि हँडब्रेक सांभाळून कशी उचलायची, ते सांगितलंच नाही. "चढाला मी आहे ना," म्हणायचो. माझी नोकरी तेवढ्यावरच टिकली होती, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

एकदा भाट्याच्या त्या चढावर बैलगाडी आडवी आली. वहिनींनी ब्रेक मारला. पुन्हा निघताना गाडी मागे घसरायला लागली, आणि मागे एसटी. मी हँडब्रेक ओढला. वहिनी म्हणाल्या, "माझंच चुकलं." चूक माझी होती. मला स्वतःची शरम वाटली. एसटीवाला हॉर्न बडवत होता. बडवू दे म्हटलं, आणि तिथेच त्यांना अर्धा क्लच शिकवला. तिसऱ्या खेपेला गाडी उचलली.

त्यानंतर त्या एकट्या जायला लागल्या. डॉक्टर मला भाजी आणायला, गाडी पुसायला सांगायचे. 'आता येऊ नका' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी मीच म्हटलं, "पुसायला ड्रायव्हर कशाला ठेवता?" वहिनी म्हणाल्या, "चला, घरी सोडते तुम्हाला."

बाजारातून, एसटी स्टँडवरून, सायकलींच्या गर्दीतून त्यांनी मला नेलं. एखादी तरी चूक होते का, ते मी बघत होतो. झाली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? दाराशी उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बरी चालवली ना?"

"बरी," म्हटलं.