पहाटे पाचची हाक

आमच्या शेजारचे कुंडलिकआबा बारामतीच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं वॉर्डबॉय होते. साठीला टेकले तरी बॉयच. मी अख्ख्या दवाखान्याची नक्कल करते. केसपेपरच्या खिडकीतल्या बाई तर माझा हातखंडा: "वय? अवं तुमचं न्हाय, पेशंटचं!" आबांची नक्कल मात्र जमत नाही. ते बोलतच नाहीत मुळी.

आबा नोकरीला लागले तेव्हा दवाखान्यावर कौलं होती आणि पेशंटची माणसं आवारात तीन दगडांवर पिठलं शिजवायची. पुढं स्लॅब पडला, खाटा वाढल्या, लिफ्ट आली. आबांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. त्यांच्या वॉर्डातून चार माणसं 'अनोळखी' म्हणूनच गेली. पोलीस आले, कागद झाला, संपलं. एकाच्या मनगटावर मारुती गोंदलेला होता. त्याचं गाव शोधायला आबा तेव्हा सायकलवर इंदापूरपर्यंत जाऊन आले होते. हात हलवत परतले.

निवृत्तीला बारा दिवस उरले आणि पाचवा आला. एसटी स्टँडवर पडलेला म्हातारा. अर्धं अंग गेलेलं, तोंड वाकडं, खिशात काही नाही. फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओळखणार कोण? मधूनच तो "ल्लो... ल्लो" करायचा.

"त्याला काही अर्थ नाही, आबा," डॉक्टर म्हणाले. "फार तर चार-पाच दिवस काढेल."

आबा त्याच्या खाटेजवळून हलेनात. दोन दिवसांत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. म्हातारा बडबडतो तो पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला. एरवी गप्प.

"सिस्टर, ह्यो म्हशीला बोलावतोय."

"काय आबा! घड्याळ बघून?"

"धारंच्या टायमाला. आन् ज्याची त्याची हाक येगळी असती."

दुसऱ्या दिवसापासून आबा ड्युटीआधी मोटरसायकल काढून गावोगावच्या दूध डेअऱ्या हिंडायला लागले. त्यांची बायको छबूबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "म्हस घ्यायचा इचार हाय व्हय? या वयात शेण मी काढायची न्हाय, सांगून ठिवते."

डेअरीत किटल्यांची रांग असायची. तोंड वाकडं व्हायच्या आधी म्हाताऱ्याची हाक कशी असेल ते मनाशी धरून, कधी मोठ्यानं न बोलणारे आबा रांगेपुढं उभे राहायचे. कान लाल. डोळे मिटलेले. "ह्यॅऽऽ ल्लो ल्लो ल्लो!"

"आबा, दूध घालायचंय का म्हस हरावलीय?" रांग खो-खो हसायची.

दोन सकाळी, सहा डेअऱ्या. सातवी पणदऱ्याची. तिथंही हसले. एक बाई तेवढी हसली नाही. तिनं किटली खाली ठेवली.

"ही हाक आमच्या मालकांची हाय," ती म्हणाली. "तुमी कुठं ऐकली?"

तिचं नाव विजयमाला. नवरा गेणबा पाच दिवसांपूर्वी लेकीकडं भवानीनगरला म्हणून निघाला होता. बाईला वाटलं, तो लेकीकडं आहे; लेकीला वाटलं, तो निघालाच नाही.

आबांनी मोटरसायकल वळवली. "दवाखान्यात हायत. चला," एवढंच म्हणाले.

विजयमालाबाईंनी खाटेवर वाकून त्याच्या कपाळावर हात ठेवला. "अवं, काळी तुमच्याबिगर पान्हा सोडंना झालीय. सारखी दाराकडं बघती." म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. बाईंचा पदर मुठीत धरला. तो सोडवायचं कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी, धारेची वेळ व्हायच्या आत, गेणबा गेला. आबांनी सिस्टरांच्या शेजारी उभं राहून केसपेपरवरचं 'अनोळखी पुरुष' खोडून घेतलं, वर 'गेणबा, रा. पणदरे' लिहून होईतो हलले नाहीत.

महिनाअखेरीला निरोपसमारंभ झाला. साहेबांनी दवाखान्याचा इतिहास वाचून दाखवला: "या रुग्णालयाने, अंऽ, खाटांच्या बाबतीत, अंऽ, गरुडझेप घेतलेली आहे." मग शाल, नारळ.

"आबा, दोन शब्द बोला."

आबा उठले. शाल सावरली. 

"चौघांची नावं ऱ्हायली," म्हणाले, आणि खाली बसले.