नुसत्या स्टारची फाइल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अंबरनाथच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. राहायचे उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. लॅबमध्ये युनिक्सचं एक मशीन होतं आणि प्रत्येक शेडचा फॉर्म्युला त्यात वेगळ्या फाइलमध्ये असायचा.

लॅब इनचार्ज बदलापूरहून यायचे. पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईकाने, पास केलेल्या शेडच्या नावापुढे ते स्टार टाकायचे. कागदावरची सवय त्यांनी मशीनवरही चालू ठेवली. आमचा प्रोग्रॅम कुठलंही नाव निमूटपणे घ्यायचा. एकदा घाईत नाव टाइप करायचं राहिलं आणि नुसत्या स्टारचीच फाइल तयार झाली.

मी जेवायला गेले होते. परत आले तेव्हा सर स्क्रीनसमोर उभे होते.

"मॅडम, ती रिकामी फाइल काढली," ते म्हणाले. "आता बाकीच्या दिसत नाहीत."

"काय टाइप केलंत?"

"आरएम, मधे जागा सोडून स्टार. फाइलचं नाव तेच होतं ना?"

नाव तेच होतं, आणि आरएम म्हणजे फाइल पुसायची आज्ञा. पण टाइप केलेली आज्ञा आधी वाचतो तो शेल, आणि त्याला स्टार म्हणजे या डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइली. मशीनने काही विचारलं नाही. सगळं पुसून पुढच्या आज्ञेची वाट बघत बसलं. सरांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

मशीनची देखभाल करणारा इंजिनिअर संध्याकाळी आला. बॅकअपच्या टेपवरून जुन्या फाइली परत आल्या. तो बॅकअप घेतल्यानंतर झालेलं काम मात्र गेलं. त्यात एक नेव्ही ब्लू होता आणि पार्टी त्यासाठी थांबली होती.

इंजिनिअर म्हणाला, "सर, रिपोर्टमें डिस्क का प्रॉब्लेम लिख देता हूँ. किसको क्या पता चलेगा?"

"नको," सर म्हणाले. "डिस्कला काही झालेलं नाही. स्टार मी दाबला."

ते स्वतःच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "मी मशीनला हात लावायचा नाही, असं ठरलंय."

नेव्ही ब्लूच्या कापडाची पट्टी लॅबमध्ये शिल्लक होती. ती समोर ठेवून त्यांनी शेड पुन्हा जुळवायला घेतली. रंगवायचं, वाळवायचं, खिडकीपाशी उजेडात धरून बघायचं, पुन्हा रंगवायचं. मला पट्ट्या लवकरच सारख्या दिसायला लागल्या, त्यांना दिसत नव्हत्या. शेवटी एक त्यांनी पार्टीकडे पाठवली आणि ती पास झाली.

त्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "त्या नावाची फाइल खरंच काढायची असती, तर काय करायला हवं होतं?"

मी सरावासाठी वेगळी डिरेक्टरी केली, त्यात तीन-चार रिकाम्या फाइली टाकल्या, एक नुसत्या स्टारची. इको, म्हणजे पुढे दिलेलं नुसतं स्क्रीनवर दाखवायची आज्ञा, लिहून पुढे स्टार दिला. स्क्रीनवर सगळ्या फाइलींची नावं आली.

"म्हणजे आरएमला स्टार दिसतच नाही?"

"नाही. शेल मधेच स्टार काढून घेतो आणि त्या जागी ही सगळी नावं भरतो. आरएमच्या हातात नावंच पडतात."

मग स्टारच्या आधी एक उलटी तिरकी रेघ दिली. या वेळी शेलने त्याला हात लावला नाही, स्क्रीनवर एकटा स्टार आला. अवतरणचिन्हात घातला तरी तसंच झालं.

सरांनी कीबोर्डवरच्या दुसऱ्या एका कळीवर बोट ठेवलं. "प्रश्नचिन्हाचं काय?"

"त्याच्या जागी कुठलंही एक अक्षर."

"आणि चौकोनी कंस?"

"कंसात लिहिलेल्यांपैकी कुठलंही एक. फाइलच्या नावातच असतील तर त्यांनाही हीच रेघ लागते."

त्यांनी मला उठायची खूण केली. मी खुर्ची दिली. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी आधी इको करून पाहिलं, मग आरएम, जागा, रेघ, स्टार. रिटर्न दाबण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. फक्त ती एक फाइल गेली.

तेवढ्यात मॅनेजर लॅबमध्ये आले. त्यांनी सरांना मशीनवर बसलेलं पाहिलं, क्षणभर थांबले, आणि पुढच्या ऑर्डरच्या मरून शेडचं कुठवर आलंय ते विचारलं. सरांनी बसल्या जागेवरूनच उत्तर दिलं.