दोस्ताकडून घेतलेला कॉम्प्युटर

मंडळी, स्वस्तात गेम खेळायचा कॉम्प्युटर बनवावा म्हणून सुरेशच्या दुकानातून एक जुना डेस्कटॉप घेतला. सुरेश माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त. बालाघाटात आम्ही एकाच टेबलावर रेडिओ दुरुस्त करणं शिकलो.

दुकानात मशीन चालवून ऐकली होती, पंखा एकदम शांत. मग सुरेशनं ती आत नेऊन बांधून दिली. घरी आल्यावर डबा उघडून पाहिला नाही. दोस्ताचा माल आपल्याकडे कोणी पेचकसानं स्क्रू खोलून तपासत नाही.

आज ग्राफिक्स कार्ड बसवायला उघडली, तर आत पॉवर सप्लाय भलताच, गंजलेला. बटण दाबलं, पंखा घरघरला आणि मशीन बंद.

फोन लावला. "काहून रे, सप्लाय बदलला का?"

"नाही भाऊ, हातच नाही लावला!"

मागून त्याचा भागीदार हळूच म्हणाला, "बोल मत देना, अच्छावाला निकाल लिया है."

"त्याले सांग, मले ऐकू आलं."

सुरेश हसला. "अरे, तुले तर दुरुस्त करता येते. दुसऱ्या गिऱ्हाईकाले असा माल कसा देऊ?"

आत्ता पुन्हा त्याचाच फोन. "चांगला सप्लाय काढून ठेवला, चहा प्याले ये."

सप्लाय आणीन मी. पण तो चहा घशाखाली कसा उतरवू, सांगा बरं?