किसन मिस्त्री आणि ओली भिंत

किसन मिस्त्री भिंतीला गाल लावून उभा राहायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. खामगावात आम्ही नवं घर बांधलं होतं आणि न्हाणीघराच्या भिंतींना पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या फरश्या बसवल्या होत्या. शाळामास्तराच्या मानानं तो जरा जास्तच थाट होता. वर्षभरात पलीकडच्या खोलीत भिंतीला ओल येऊन पोपडे पडायला लागले, म्हणून किसनला बोलावलं. तो डोळे मिटून, पानाचा तोबरा एका गालात सारून, दुसरा गाल भिंतीला टेकवून उभा.

"अरे, हात लावून पाहा की," मी म्हणालो.

"हाताले घट्टे पडले जी, त्याले वल कयत नाही. गाल खोटं बोलत नाही."

त्यानं फरश्या उतरवल्या. मागे नळाचा सांधा झिरपत होता आणि विटा भिजलेल्या बिस्किटासारख्या झाल्या होत्या. "फरशीचं तोंड काय पाहता मास्तर? तिच्या मांगं काय हाय ते पाहा," असं तो कामभर बोलत राहिला. सांधा बदलला, कुजक्या विटा काढून नव्या बसवल्या, गिलावा केला आणि थांबला. रोज सकाळी यायचा, गाल लावायचा, "अजून नाही" म्हणून परत जायचा. आमची ही म्हणे, "हा गवंडी कामाला येतो की भिंतीचा मुका घ्यायला?"

त्यातच धाकट्या बहिणीचं लग्न जमलं. साखरपुडा आठ दिवसांवर आला, पुण्याचे पाहुणे येणार, आणि न्हाणीघर उघडं पडलेलं. मी किसनच्या मागे लागलो.

"भीत वल्ली हाय. आता लावल्या तं धरतीन नाही."

"पडल्या तर पडू देत. माझ्या जबाबदारीवर लाव."

"चार मानसात सांगसान?"

"सांगेन. शब्द दिला."

त्यानं लावल्या.

साखरपुड्याच्या दिवशी नवऱ्यामुलाचे काका आंघोळीला बसले आणि धडाधड सात-आठ फरश्या खाली आल्या. काकांना लागलं नाही, पण टॉवेल गुंडाळून बाहेर आले ते ओरडतच. बैठकीत सगळे जमले होते. गावातले एक शेटजीही होते, कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांच्या नव्या बंगल्याचं काम किसनला मिळणार, हे ठरल्यात जमा होतं. किसनलाही मी जेवायला बोलावलं होतं. नवी टोपी घालून तो ओसरीच्या कडेला उभा होता.

"कोणी केलं हो हे काम?" काकांनी विचारलं.

मी काय म्हणालो ते आजही मला जसंच्या तसं आठवतं. "काय सांगणार, आमच्याकडचे गवंडी हे असे!"

किसननं माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्यांचं ताट उचललं आणि पाहुण्यांपुढे फिरवायला लागलो. तो एवढंच म्हणाला, "माह्याच हातानं लागल्या जी." आणि न जेवता गेला. बंगल्याचं काम अकोल्याच्या मिस्त्रीला मिळालं.

पुढे पंधरा दिवसांनी तो न बोलावता आला. भिंतीला गाल लावला, "आता वायली" म्हणाला आणि साऱ्या फरश्या नव्यानं बसवून दिल्या. काम झालं की मिस्त्रीच्या खांद्यावर दुपट्टा घालून हातात नारळ द्यायची आमच्याकडे रीत आहे. मी मोठ्या उत्साहानं दुपट्टा आणून त्याच्या खांद्यावर घातला. त्यानं तो खांद्यावरून काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

"इथं आपन दोघंच हावो, मास्तर."

त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. गावात त्याला घरबांधणीची कामं मिळेनात, म्हणून सडकेच्या मोऱ्या बांधायला जाऊ लागला. समोरून येताना दिसला की मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालत असे. शेटजींकडे जाऊन खरं सांगायचं असं मी कितीदा तरी ठरवलं. त्यांचं घर माझ्या शाळेच्या वाटेवरच होतं.

तो वारल्याचं कळलं तेव्हा मात्र मी वडनेर भोलजीला, त्याच्या मूळ गावी, घरी गेलो. अंगणात सोयरेधायरे बसले होते. त्या सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं, की भिंत ओली होती, किसननं नाही म्हटलं होतं, घाई माझी होती आणि खोटंही मीच बोललो. सांगता सांगता मनातून हलकं वाटायला लागलं होतं.

त्याची बायको खाली मान घालून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आता सांगून त्याले कोनतं काम भेटते जी?"